देवावर प्रीती कशी करावी: विश्वासात नव्याने आलेल्यांसाठी

बाप्तिस्मा होऊन काही महिने गेले की पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येतो, आणि तो पाळकसाहेबांना विचारायला जीभ रेटत नाही. ख्रिस्तावर विश्वास आहे, रविवारी उपासनेला जातो, जेवणाआधी प्रार्थना होते. पण देवावर माझी खरंच प्रीती आहे का? ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांचीही यातून सुटका नाही. शब्बाथ शाळेतली वचनं तोंडपाठ असतात, नाताळच्या गाण्यांच्या चाली अंगात भिनलेल्या असतात, आणि तरी देवाचं नाव घेतल्यावर आत काहीच हलत नाही.

सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्याने विचारलं तेव्हा येशूने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आज्ञा सांगितली: आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने आणि पूर्ण शक्तीने प्रीती कर (मार्क १२). नव्या माणसाला या आज्ञेचा धाकच वाटतो. जे थोडंसुद्धा जमत नाही ते पूर्ण कुठून आणायचं?

जोर लावून प्रीती येत नाही. ती उत्तर म्हणून येते. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१९) याचा क्रम स्पष्ट दिला आहे: पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो. म्हणजे आपलं काम एवढंच, की देवाची प्रीती जिथे दिसते तिथे रोज जाऊन थांबायचं आणि जे दिसलं त्याला साद द्यायची. पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

मन तपासत बसणं आधी थांबवा

उपासनेत शेजारची बाई रडते, तिचे हात वर जातात, आणि तुमचे डोळे कोरडे. यावरून तिची प्रीती जास्त आणि तुमची कमी असा हिशेब मांडू नका. कुणाचा स्वभाव भरून येणारा असतो, कुणाचा शांत. वरच्या आज्ञेत अंतःकरणाबरोबर बुद्धी आणि शक्तीही आहे. समजून घेणं आणि हातपाय हलवणं हीसुद्धा प्रीतीच आहे.

आणखी एक खंत बऱ्याच जणांना असते: ‘मी देवाकडे जातो तो काहीतरी मागायलाच.’ बाराव्या शतकातला क्लेअरव्होचा बर्नार्ड हा मठाधिपती प्रीतीच्या चार पायऱ्या सांगत असे. माणूस आधी स्वतःवरच प्रेम करतो, स्वतःसाठी. मग अडचणीत सापडतो आणि देवावर प्रेम करू लागतो, पण तेही स्वतःच्या गरजेसाठी. वारंवार देवाकडे जाता जाता तो देवच त्याला आवडू लागतो, आणि शेवटी स्वतःवरचं प्रेमही तो देवासाठीच करतो. दुसऱ्या पायरीवर असण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तिसरीकडे जायची वाट तिथूनच आहे. आजारपण, नोकरी, मुलांच्या शाळेची फी, जे काही असेल ते घेऊन जा. जात राहा, म्हणजे झालं.

एक शुभवर्तमान घ्या आणि सावकाश वाचा

सुरुवात मार्कापासून करा. सोळाच अध्याय आहेत आणि येशू त्यात सतत काही ना काही करताना दिसतो. उत्पत्तीपासून ओळीने वाचायला घेतलेले बहुतेक जण लेवीयात येऊन थांबतात आणि मग बायबल कपाटात जातं. बायबल सोसायटीच्या ‘पवित्र शास्त्रा’ची भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतली भाषांतरं मिळतात, मोबाइलवर फुकट वाचता येतात, ऐकताही येतात. ज्यांना वाचण्याची सवय नाही त्यांनी खुशाल ऐकावं. पहिल्या शतकातल्या मंडळ्यांत बहुतेकांनी वचन ऐकलंच होतं.

रोज एकच प्रसंग घ्या, दहा-पंधरा ओळींचा. मोठ्याने वाचा. मग येशूने नेमकं काय केलं ते बघा, आपल्याला काय शिकायचं ते नंतर. उदाहरण म्हणून पहिल्या अध्यायातला शेवटचा प्रसंग पाहू, ४० ते ४५ ही वचनं.

एक कुष्ठरोगी येशूकडे येऊन गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुमची इच्छा असेल तर मला शुद्ध करायला तुम्ही समर्थ आहात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा माणसाने वस्तीबाहेर राहायचं, कपडे फाडून, केस मोकळे सोडून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडायचं (लेवीय १३). म्हणजे त्याला माणसाचा हात लागून किती काळ लोटला असेल याची कल्पना करा. येशूच्या सामर्थ्याबद्दल त्याला शंका नाही. शंका आहे ती इच्छेबद्दल. आणि येशू काय करतो? नुसत्या शब्दाने त्याला बरं करता आलं असतं; दुसरीकडे त्याने तसं केलंही आहे. इथे तो आधी हात पुढे करतो, त्याला शिवतो, आणि मग म्हणतो, माझी इच्छा आहे, शुद्ध हो. बरा झाल्यावर शिवला नाही, रोग अंगावर असतानाच शिवला.

इथेच थांबू नका, शेवटचं वचनही वाचा. कुणाला सांगू नकोस असं बजावूनही त्या माणसाने गावभर सांगितलं, आणि मग येशूला उघडपणे नगरात जाता येईना, तो बाहेर अरण्यात राहू लागला. सुरुवातीला बाहेर कोण होता आणि शेवटी बाहेर कोण राहिला ते बघा. जागांची अदलाबदल झाली. वधस्तंभाचं सगळं सार मार्काने या पहिल्याच अध्यायात असं हळूच मांडून ठेवलं आहे.

असं काही दिसलं की मन आपोआप बोलू लागतं. बोललं नाही तरी चालेल. पुस्तक मिटण्याआधी जे दिसलं ते एका वाक्यात देवाला सांगा: ‘प्रभू, तू त्याला रोग असतानाच शिवलास. माझ्यात जे किळसवाणं आहे तिथेही हात लावायला तुझी इच्छा आहे का?’ इतकी प्रार्थना पुरे. लूकच्या सातव्या अध्यायातली बाई येशूच्या पायांवर रडली ती कुणी सांगितलं म्हणून नव्हे. आपल्याला किती क्षमा मिळाली आहे हे तिला कळलं होतं. ज्या परूश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाच्या) घरी येशू जेवायला बसला होता त्या शिमोनाला पाय धुवायला पाणी द्यायचंही सुचलं नव्हतं, कारण आपलं फारसं काही देणं लागतं असं त्याला वाटतच नव्हतं.

बोलायला जागा आणि वेळ ठरवा

खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर, असं येशूने सांगितलं. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे दार कुठलं लावणार? पण त्या वचनातला मुद्दा लोकांनी बघू नये हा आहे. गच्ची चालेल, नळाला पाणी यायच्या आधीची पहाट चालेल, विरारहून चर्चगेटला जाताना डोळे मिटून बसलेला तास चालेल. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरू नये, एखादी घटना धरावी: कामावरून आल्यावर हातपाय धुतले की लगेच. पहिले काही आठवडे पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका. उत्साहात ठरवलेला तास फार दिवस टिकत नाही, आणि तो सुटला की माणूस सगळंच सोडतो.

बोलायचं ते तुमच्या घरच्या बोलीत. वसईतल्या घरात सामवेदी बोलत असाल तर सामवेदीत, वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीत. पाळकांच्या प्रार्थनेतले शब्द उसने आणायची गरज नाही. शब्दच सुचत नसतील तेव्हा स्तोत्रसंहिता उघडा. ती यासाठीच दिलेली आहे. कृतज्ञ असाल तर १०३, पापाने खचला असाल तर ५१, देव लांब गेल्यासारखा वाटत असेल तर १३ किंवा ४२. तेराव्या स्तोत्रात तर भक्त सरळ विचारतो, किती वेळ तू मला विसरून राहणार? देवाला असं विचारता येतं, हेच अनेकांना माहीत नसतं. रागावलेल्या माणसाने रागाचीच प्रार्थना करावी. मनात एक आणि तोंडात दुसरं असं ठेवून कुणावरच प्रेम वाढत नाही.

उपकारांची वही

१०३ व्या स्तोत्रात दावीद स्वतःच्याच जिवाला बजावतो: त्याचे सर्व उपकार विसरू नकोस. विसरणं हा आपला धर्मच आहे म्हणून हे बजावणं. एक साधी वही घ्या आणि रात्री दोन ओळी लिहा. ‘देवाने आशीर्वाद दिला’ असं मोघम लिहू नका. ‘आईचा साखरेचा रिपोर्ट बरा आला, डॉक्टरांनी गोळी कमी केली’ असं लिहा. ‘कर्जाचा हप्ता चुकणार होता, मेव्हण्याने न मागता विचारलं’ असं लिहा. सहा महिन्यांनी मागची पानं चाळा. ११६ वं स्तोत्र लिहिणाऱ्याची प्रीतीही अशीच आठवणीवर उभी आहे; मी परमेश्वरावर प्रेम करतो, कारण त्याने माझी वाणी ऐकली, असं तो कारणासकट सांगतो.

काही लपवलं असेल तर

प्रार्थनेला बसायचा कंटाळा येतो, वचन नकोसं वाटतं, यामागे पुष्कळदा थकवा असतो. पण कधी कधी असं काहीतरी असतं जे देवाशी बोलताना आपण बाजूला ठेवतो: फोनवर रात्री काय बघतो ते, हिशेबातली गडबड, कुणाशी चालू असलेले संबंध. लपवणारा माणूस नजर चुकवतो, आणि नजर चुकवून जवळीक होत नाही. आपण आपली पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो आणि शुद्ध करतो, असं योहान लिहितो (१ योहान १:९). नाव घेऊन कबूल करा. कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कारासाठी धर्मगुरूंकडे जा. इतरांनी एका विश्वासू, तोंडाने घट्ट अशा प्रौढ विश्वासणाऱ्याला सांगावं.

पेत्राचं काय झालं ते यासाठी वाचा. महायाजकाच्या वाड्यात, जिथे तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता, तिथे त्याने येशूला तीनदा नाकारलं (योहान १८). पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी येशूने शिष्यांसाठी न्याहारी केली, तीही कोळशाच्या विस्तवावर (योहान २१). जेवण झाल्यावर येशूने त्याला तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? असं का केलंस, हे विचारलं नाही. पुन्हा करणार नाहीस ना, हेही नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवलं: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. जो पडला त्यालाच, पडल्याच्या आठवणीसमोर बसवून, प्रीतीबद्दल विचारलं आणि जबाबदारी दिली. पाप केल्यावर देवापासून पळावंसं वाटतं तेव्हा हा अध्याय उघडा.

डोळ्यांपुढचा भाऊ

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नवे विश्वासणारे इथेच अडकतात आणि आपण कुठे अडकलो ते त्यांना कळत नाही. योहान या पत्रात सतत प्रीतीबद्दल बोलतो, पण याबाबत त्याचे शब्द कडक आहेत: ‘मी देवावर प्रीती करतो’ असं म्हणून जो भावाचा द्वेष करतो तो लबाड आहे, दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर करता येणार नाही (१ योहान ४:२०).

आपल्याकडे हा भाऊ बहुतेक वेळा बांधावर उभा असतो. वाटणीत त्याने दोन फूट बांध सरकवला, विहिरीच्या पाण्याची पाळी मोडली, आईच्या आजारपणात पैसे दिले नाहीत. किंवा ती जाऊ असते, जिने सगळ्यांदेखत पाणउतारा केला. तुम्ही प्रार्थना करता, गाणी म्हणता, आणि देव लांबच वाटतो. त्याचं कारण प्रार्थनेत शोधू नका, बांधावर शोधा.

एकदम मिठी मारायला मी सांगत नाही. पायरीने जा. आधी त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा, त्याच्या भल्याची, ‘त्याला अक्कल दे’ अशी नव्हे. काही दिवसांनी त्याच्याबद्दल तिसऱ्याजवळ वाईट बोलणं बंद करा. हे फार कठीण जातं, पण मन बदलायला सुरुवात इथून होते. मग एक लहान कृती: त्याच्या मुलाचा निकाल लागला तर फोन, घरात आजारी कुणी असेल तर डबा. हद्द मोजायची असेल तर मोजा, न्याय मागणं पाप नाही. द्वेष मात्र सोडायचा. आणि जिथे मारहाण आहे, अत्याचार आहे, तिथे क्षमेच्या नावाखाली परत जाऊन मार खायचा नाही. सुरक्षित जागी जायचं, मदत घ्यायची.

माझ्यावर प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल, असं येशू म्हणतो. त्या आज्ञेचा पहिला पेपर घरातच असतो.

घरचे दुसऱ्या श्रद्धेचे असतील तर

ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यावर काही जण आईवडिलांच्या देवांबद्दल तुच्छतेने बोलू लागतात आणि तीच निष्ठा समजतात. आईबापांचा मान राख, ही आज्ञा बाप्तिस्म्याने रद्द होत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ही बातमी मागाहून कळली आणि त्यांच्यावर आभाळच कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या स्वतः समजून-उमजून ख्रिस्ताकडे आल्या, १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण मधल्या काळात त्यांनी काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणून घरच्यांना अंधारात ठेवू नका. शांतपणे, योग्य वेळी सांगा. पूजेत सहभागी होता येत नसेल तर तसं नम्रपणे सांगा, आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरात, बाजारहाटात आधीपेक्षा जास्त राबा. देवावरची तुमची प्रीती आईला दिसेल ती तिथे.

मंडळीत रुजा

एकट्याने फार काळ चालत नाही. एक मंडळी धरा, तिथेच जा, दर रविवारी नवी सभा शोधत फिरू नका. गाणी मनापासून म्हणा. टिळकांनी अभंग आणि ओवी ख्रिस्ताच्या चरणी आणली म्हणून मराठी मंडळ्यांना आपल्या मातीतल्या चालींवर देवाची स्तुती करता येते. पेटी-तबल्यावर ती भजनं सुरू झाली की शब्द कितीतरी दिवस मनात घोळत राहतात. एखादं कडवं पाठ करा, भांडी घासताना म्हणा. प्रभुभोजन, किंवा मिस्सातलं ख्रिस्तशरीर, सवयीने घेऊ नका. हे ‘तुमच्यासाठी’ दिलं असं येशू म्हणतो तो शब्द स्वतःच्या नावाने ऐका.

मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईजवळ बसून तिची साक्ष विचारा: देवाने तुम्हाला कसं सांभाळलं? नवरा गेला तेव्हा काय झालं? प्रवचनात न मिळणारं तिच्याजवळ मिळेल.

एक इशाराही द्यायला हवा. देवावर प्रेम असेल तर इतकी रक्कम द्या म्हणजे चमत्कार होईल, किंवा औषध सोडा म्हणजे विश्वास दिसेल, असं कुणी सांगत असेल तर तिथून उठा. देवाची प्रीती विकत मिळत नाही.

कोरडे दिवस

ते येतातच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. शास्त्राचा एवढा व्यासंग असलेली ही बाई स्वतःच्या साक्षीत लिहिते, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे कळायला आठ वर्षं गेली. त्यानंतरच्या आयुष्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींना तिने आसरा दिला. तेव्हा सहा महिन्यांत काही वाटलं नाही म्हणून हाय खाऊ नका.

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला प्रभू म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. उपायही लगेच सांगतो: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं कर. आधी पहिल्यासारखं वाटू दे, असं तो म्हणत नाही. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत ते देवाशीच बोलत राहतं. अशा दिवसांत तेवढं करा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र तो विश्वासाचा कोरडेपणा समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा, आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

वाचन-प्रार्थना मध्येच चार दिवस, पंधरा दिवस सुटली तर बुडालेले अध्याय भरून काढायच्या मागे लागू नका. खूण जिथे आहे तिथून पुढचा प्रसंग उघडा. खूणही हरवली असेल तर मार्काचा दुसरा अध्याय घ्या: छप्पर उसकटून चार जणांनी खाली सोडलेला पक्षाघाती, आणि त्याला पाहून येशूच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य.